वाचकांचे प्रश्न : टर्म आपण थांबवावी की हजेरीपटाने?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच प्रश्नाभोवतीची आहेत (गंभीर आजारात शिक्षणाचे काय करायचे?) आणि तिन्ही कोकण किनाऱ्यावरूनच आली आहेत, म्हणून हे पान त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची आणि महाविद्यालयांची नावे गाळली असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी २० वर्षांची असून गुहागर तालुक्यातील एका गावची आहे. वसतिगृहात राहून बी.फार्म.ची दोन वर्षे पूर्ण केली. तिसऱ्या सेमिस्टरचा फार्मास्युटिकल इंजिनिअरिंग हा एक विषय तेवढा राहिला आहे. जानेवारीपासून मानेला गाठ होती आणि ताप येत होता. आधी टीबीची शंका होती, पण मे महिन्यात गाठ काढून तपासल्यावर हॉजकिन्स लिम्फोमाचे (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे) निदान झाले. परळच्या टाटा रुग्णालयात दर पंधरा दिवसांनी एबीव्हीडी ही केमोथेरपी घेत आहे. दोन मात्रा झाल्या असून एकूण बारा घ्याव्या लागतील, असे सांगितले आहे. पाचवे सेमिस्टर जुलैत सुरू होते. मोठे काका म्हणतात, दाखला काढून घे, बरी झालीस की बाहेरून बी.ए. कर. बाबा काहीच बोलत नाहीत. मला वर्ष वाया घालवायचे नाही. मधल्या दिवसांत कॉलेजला जाऊन हे सेमिस्टर पुरे करता येईल का? वर्गात सांगावे का? गावात कळले तर लग्नाचे कसे होणार, ही आईची काळजी आहे. आणखी एक गोष्ट मी घरी सांगितलेली नाही : मला वाचलेले लक्षात राहत नाही.

उत्तर : काकांच्या सल्ल्यापासून सुरुवात करते, कारण तो मायेपोटी दिलेला असला तरी सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होईल. दाखला काढू नकोस. तुझा प्रवेश सीईटी देऊन, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेला आहे. तो एकदा रद्द केलास की ती जागा तुझी राहत नाही आणि परत यायचे झाले तर परीक्षेपासून सारे नव्याने करावे लागते. शिक्षण थांबवणे आणि शिक्षण सोडणे यांत कागदावर फार मोठे अंतर आहे आणि तुला यांपैकी फक्त पहिले करायचे आहे.

हे सेमिस्टर पुरे करता येईल का, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. फार्मसी कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सेमिस्टर किमान १०० कामाच्या दिवसांचे असते आणि प्रत्येक विषयात, थिअरी व प्रॅक्टिकल वेगवेगळे धरून, ८० टक्के हजेरी लागते. रविवारी रात्री तू चिपळूणला गाडीत बसणार, सोमवारी रक्ताचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची भेट, मंगळवारी केमो, बुधवारी परतीचा प्रवास आणि त्यानंतरचे तीन दिवस मळमळ व थकव्यात जाणार. पंधरवड्यात कामाचे बारा दिवस असतात, त्यांतले सहा असे जातात. एकही वर्ग न चुकवता उरलेले सगळे दिवस गेलीस, तरी हजेरी पन्नास टक्क्यांच्या आसपासच राहील. ऐंशीला दोन-चार टक्के कमी पडले तर प्राचार्य काही करू शकतात. तीस टक्क्यांची तूट कोणीही भरून देऊ शकत नाही. म्हणजे टर्म थांबणारच आहे. ती आज तू अर्ज देऊन थांबवायची की नोव्हेंबरात फलकावरच्या ब्लॅकलिस्टने (हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीने) थांबवायची, एवढेच तुझ्या हातात आहे, आणि ते थोडेथोडके नाही.

मी स्वतः अनेक वर्षे फार्मसी महाविद्यालयात शिकवले आणि टर्म ग्रँट करणाऱ्या, म्हणजे हजेरी पाहून परीक्षेला बसू देणाऱ्या, समितीतही बसले, म्हणून हे इतक्या ठामपणे सांगते आहे. एका वर्षी एक मुलगा परीक्षा अर्जाच्या शेवटच्या दिवशी रुग्णालयाच्या कागदांची पिशवी घेऊन आमच्यासमोर उभा राहिला. टर्मभर तो ताप अंगावर काढत, बसने येऊन-जाऊन हजेरी गोळा करत होता आणि त्याने कोणाला काहीही सांगितले नव्हते. कागद खरे होते, आजार गंभीर होता, आणि तरीही त्या दिवशी आमच्याजवळ त्याला देण्यासारखे काही उरले नव्हते, कारण गेलेले दिवस मागाहून भरून देण्याची तरतूदच नसते. तो टर्ममध्ये नापास ठरला, प्रकृती ढासळली ती वेगळीच. तो पहिल्या महिन्यात आला असता तर एका अर्जात त्याचे वर्ष सन्मानाने थांबवता आले असते. वर्गात इतका खंगलेला मुलगा रोज समोर बसत असताना मी त्याला विचारले नाही, याची बोच मला अजून आहे.

तेव्हा जुलैच्या आधी हे कर. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिही. त्यात आजाराचे नाव, उपचाराचा अपेक्षित कालावधी आणि ‘वैद्यकीय कारणास्तव शिक्षणात खंड घेण्याची परवानगी मिळावी व पुढील शैक्षणिक वर्षी पाचव्या सेमिस्टरला पुनःप्रवेश मिळावा’ ही विनंती स्पष्ट शब्दांत असू दे. सोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोड. त्यात ‘उपचार सुरू आहेत’ इतकेच न लिहिता कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत नियमित वर्गांना बसणे शक्य नाही, ते लिहून घे. अर्ज कार्यालयात देताना त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नकोस. तोंडी आश्वासन देणारा लिपिक वर्षभरात बदलून जातो, पोच मात्र राहते. शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळत असेल तर खंडाची माहिती त्या टेबलावरही लेखी दे. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेलाही कळव, कारण हप्ते कधी सुरू होणार हे अभ्यासक्रम संपण्याच्या तारखेवरून ठरते.

वर्ष वाया जाण्याच्या भीतीबद्दल एक वस्तुस्थिती सांगते. चार वर्षांचा बी.फार्म. अभ्यासक्रम पूर्ण करायला नियमांनी दुप्पट, म्हणजे आठ वर्षांची मुदत दिलेली आहे, आणि दोन वर्षांपर्यंतच्या खंडानंतर विद्यापीठाच्या मान्यतेने व शुल्क भरून पुन्हा रुजू होण्याची वाटही त्याच नियमांत आहे. ज्यांनी हा अभ्यासक्रम आखला त्यांनीच गृहीत धरले आहे की काहींना वेळ लागेल.

शिवाय हे वर्ष रिकामे नाही. तुझा जो एक विषय राहिला आहे, त्याची हजेरी तू आधीच भरलेली आहेस. परीक्षा तेवढी द्यायची आहे. सातव्या सेमिस्टरला बसण्यासाठी पहिली चार सेमिस्टरे पूर्ण सुटलेली असावी लागतात, त्यामुळे हा विषय पुढे अडसर ठरण्याआधी सोडवून टाक. हिवाळी परीक्षेचे वेळापत्रक लागले की ते डॉक्टरांना दाखव. पेपरसाठी मात्रा एखाद-दोन दिवस मागेपुढे करता येईल का, हे ते ठरवतील, तू परस्पर ठरवू नकोस. एकच पेपर दे. अंगात बळ वाटले म्हणून पाचव्या सेमिस्टरची पुस्तके उघडून स्वतःला घाई लावू नकोस.

त्या बळाबद्दलही एक सावधगिरी आहे. मात्रेनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात माणसाला बरे वाटू लागते, पण साधारण त्याच सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेलेल्या असतात. म्हणजे हिंडावेसे वाटते तेव्हाच संसर्गाचा धोका अधिक असतो. आपल्याकडे हा काळ नेमका पावसाळ्यात येतो आहे. भातलावणीच्या दिवसांत शेतात, चिखलात अनवाणी उतरू नकोस. कोकणात या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस होतो हे तुला ठाऊक आहेच. घरच्यांना मदत करावीशी वाटणे स्वाभाविक आहे, पण या वर्षी ती नको. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही आणि घरच्या घरी पॅरासिटामॉल घेऊन तो दाबायचा नाही. रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे. त्यासाठी गाडी कोणाची, हे आजच ठरवून ठेवा. कोरडा खोकला किंवा दम लागू लागला तर तेही लगेच सांग, कारण तुझ्या औषधांतले ब्लिओमायसिन फुप्फुसांवर परिणाम करू शकते.

प्रवासाचा खर्चही सोसण्याजोगा करता येतो. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि तीन-टियर एसीमध्ये पूर्ण सवलत आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्याचा ठराविक नमुन्यातला दाखला रुग्णालयातून घ्यावा लागतो. काही मात्रा डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात घेता येतील का आणि मधल्या रक्ततपासण्या चिपळूणला करून चालतील का, हे डॉक्टरांना विचारून पाहा. परळची प्रत्येक वाचलेली फेरी म्हणजे विश्रांतीचे दोन दिवस.

आता विसरण्याबद्दल. ही गोष्ट तू घरी सांगितली नाहीस, कारण ती तुला आजारापेक्षा जास्त लाजिरवाणी वाटली असावी. केमोथेरपीच्या काळात लक्ष न लागणे, शब्द न आठवणे, वाचलेले पुसले जाणे हे अनेक रुग्णांना होते, आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत पुष्कळांचे सुधारते. झोप, रक्तातील हिमोग्लोबिन आणि मनावरचा ताण यांचाही त्यात वाटा असतो, म्हणून डॉक्टरांच्या कानावर घालच. तोवर वीस मिनिटांपेक्षा जास्त एका बैठकीत वाचू नको, वाचलेले मोठ्याने कोणाला तरी सांग आणि रचनासूत्रे हाताने काढ. आईला समजावून सांगितलेस तरी चालेल. तिला विषय कळला नाही तरी तुझी साखळी कुठे तुटते ते तुला कळेल.

कोणाला सांगावे? प्राचार्यांना, वर्गशिक्षकांना आणि जिच्यावर विश्वास आहे अशा एका मैत्रिणीला सांगावे. बाकीच्यांना सांगणे न सांगणे हा तुझा अधिकार आहे. गावापुरते म्हणशील तर लपवण्यात जी शक्ती जाते, ती तुझ्या घराला या वर्षी परवडणारी नाही. आईला एवढे सांग की हा आजार मुख्यतः तरुण वयातच दिसतो आणि उपचारांनी बरा होण्याचे प्रमाण ज्या कर्करोगांत सर्वांत चांगले आहे, त्यांत त्याची गणना होते. तिच्या मनातला न विचारलेला प्रश्न मुलांबाळांचा असणार. एबीव्हीडीमुळे अपत्यक्षमतेला पोहोचणारा धोका इतर काही उपचारपद्धतींपेक्षा बराच कमी मानला जातो. तरीही पुढच्या भेटीत आईला सोबत नेऊन डॉक्टरांना हा प्रश्न स्पष्टपणे विचारा.

तुझ्या औषधांतले विनब्लास्टिन सदाफुलीतून मिळते, हे तुला फार्माकोग्नोसीच्या पुस्तकात पाचव्या सेमिस्टरला भेटेल. १९५८ साली कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी ते वेगळे केले. आपल्या कोकणात घरोघरच्या अंगणात फुलणाऱ्या या झाडाचा धडा पुढच्या जुलैत तू वर्गात बसून शिकशील, तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द तुला इतरांपेक्षा अधिक ठाऊक असेल. बाबा गप्प आहेत ना, त्यांना अर्ज टाईप करून आणायला सांग. घाबरलेल्या माणसाला काम दिले की तो बोलू लागतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून कणकवली तालुक्यात राहतो. नोकरी सोडून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेतला आणि पहिल्याच वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिसचे (मेंदू व मज्जारज्जूच्या आजाराचे) निदान झाले. तासभर लिहिले की उजवा हात बधिर होतो. मेच्या परीक्षेत दोन पेपर अर्धे सोडून उठलो. माझे अपंगत्व प्रमाणपत्र ३५ टक्क्यांचे आहे. कार्यालयात सांगण्यात आले की लेखनिक फक्त अंधांना मिळतो आणि तुमचे ४० टक्केही नाहीत. मी वकील होण्यास लायक राहिलो आहे का?

उत्तर : लायकीचा प्रश्न मनातून काढून टाका, तुमच्या पत्रातला तर्क चांगल्या वकिलाचा आहे. कार्यालयाने दिलेली दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि ती खोडण्यासाठी लागणारा कायदा तुमच्याच अभ्यासाचा भाग आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्टपणे आहे. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. शिक्षणात वाजवी सोयी मिळण्याचा हक्क तिच्याशी बांधलेला नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले. अर्जदाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता, ४० टक्के भरत नाहीत म्हणून त्याला लेखनिक नाकारला गेला होता, आणि न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला. अर्जात हा निवाडा नमूद करा आणि सोबत मज्जातंतुतज्ज्ञांचे ‘सलग किती वेळ लिहिता येते’ हे सांगणारे प्रमाणपत्र जोडा. वाढीव वेळ ताशी २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, या प्रमाणात मागा. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत हेच प्रमाण आहे. महाविद्यालयाने पुन्हा टाळले तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि त्यावर विद्यापीठाचा लोकपाल ही व्यवस्था विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी घालून दिली आहे.

एक सोय मागायला मात्र बहुतेक जण विसरतात. शरीराचे तापमान वाढले की या आजाराची लक्षणे तात्पुरती तीव्र होतात. मेच्या उकाड्यात, वीज गेलेल्या वर्गात तुमचा हात तासाभरात थांबला यात नवल नाही. तळमजल्यावरची, हवा खेळती असलेली, पंखा चालू राहील अशी खोली आणि थंड पाणी व ओला रुमाल जवळ ठेवण्याची परवानगी ही मागणीही त्याच अर्जात लिहा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

लेखनिक मिळाला म्हणजे काम झाले असे नाही. तोंडी सांगून उत्तर लिहवून घेणे हे वेगळे कौशल्य आहे आणि कलमांचे क्रमांक, खटल्यांची नावे सांगताना वेळ कसा जातो ते पहिल्यांदा परीक्षेतच कळू नये. दोन महिने आधीपासून आठवड्यातून एक जुना पेपर कोणाला तरी सांगून लिहवून घ्या. बार कौन्सिलची हजेरीची अट ७० टक्क्यांची आहे आणि अपवादात्मक परिस्थितीत ती ६५ पर्यंत शिथिल होऊ शकते, म्हणून आजार उलटून रुग्णालयात राहावे लागल्यास डिस्चार्ज कार्ड त्याच आठवड्यात कार्यालयात द्या. टर्म संपण्याची वाट पाहू नका.

प्रश्न : आम्ही दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या गावात राहतो. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. मुंबईत माझे मूत्रपिंड त्याला बसवले, त्याला आता नऊ महिने झाले. तो पुन्हा हॉस्टेलवर जाण्याचा हट्ट धरतो. मी तिकडे खोली घेऊन त्याच्याजवळ राहावे असे मला वाटते, तर तो चिडतो. काय करावे?

उत्तर : ताई, त्याच्या डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर त्याला जाऊ द्या आणि पहिला महिना फक्त तुम्ही सोबत राहा, अशी तडजोड त्याच्यापुढे ठेवा. महिन्याची ही मुदत त्याच्यासमोरच ठरवा आणि ती पाळा. इतके मोठे देणे दिल्यानंतर त्याला नजरेआड करणे तुम्हाला किती जड जात असेल, हे मी समजू शकते. पण एकवीस वर्षांच्या मुलाला आपली औषधे आपणच सांभाळता येतात, हे एकदा सिद्ध करू द्यायला हवे.

त्या महिन्यात तुम्ही स्वयंपाकापेक्षा त्याच्या सवयींकडे लक्ष द्या. रोपण टिकवणारी औषधे ठरलेल्या वेळीच घ्यावी लागतात. लेक्चर, प्रॅक्टिकल किंवा रात्रीच्या सबमिशनमुळे वेळ चुकता कामा नये, म्हणून मोबाइलमध्ये गजर आणि बॅगेत दोन दिवसांचा जादा साठा असू द्या. पाणी उकळलेले, मेसमध्ये ताजे व गरम तेवढेच खाणे, कापून ठेवलेली कोशिंबीर टाळणे, मासे-तिसऱ्या पूर्ण शिजलेल्याच खाणे ही पथ्ये त्याला माहीत असतील. आपल्याकडचे एक पथ्य मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्याच्या औषधांत टॅक्रोलिमस असेल तर पपनस खायचे नाही. या फळाने औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. गणपतीला घरी आल्यावर माटवीला (गणपतीवरच्या लाकडी चौकटीला) बांधलेले पपनस सोलून त्याच्या हातात कोणी प्रेमाने ठेवील, तेव्हा त्यालाच नाही म्हणता यायला हवे. वर्गमित्रांपैकी एकाला तुमचा नंबर द्या आणि ताप आला तर त्याने आधी फोन करायचा, एवढेच त्याच्याकडून कबूल करून घ्या.

तुमच्या पत्रात तुमच्या स्वतःच्या तपासणीचा उल्लेख कोठेही नाही. मूत्रपिंड दिलेल्या व्यक्तीने रक्तदाब, रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी दरवर्षी करून घ्यायची असते. मुलाला पुढच्या वेळी तपासणीसाठी मुंबईला न्याल, त्याच दिवशी तुमच्याही नावाचा केस पेपर काढा.